माती डाव्या हाताला

नाना साळव्यांना भिंतीला टेकलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. दुपारी डबे संपले की आमचं सगळं ऑफिस भिंतीला पाठ लावून दहा मिनिटं डोळे मिटायचं, आणि नाना तेवढे खोलीच्या मधोमध स्टुलावर ताठ बसून सुपारी कातरत असायचे. टेका की जरा, असं कुणी म्हटलं तर म्हणायचे, "तिला आधीच लई काम हाय." ती म्हणजे भिंत. यावर हसायचं की डोक्याला हात लावायचा, हे मला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

नगरला दिल्ली गेटच्या आत, एका कापडदुकानाच्या माडीवर कुलथे साहेबांचं ऑफिस होतं. कुलथे साहेब स्ट्रक्चरल कन्सल्टंट. इमारत कशी दिसावी हे दुसरं कुणी ठरवायचं, ती उभी कशी राहील हे साहेब ठरवायचे. कुठल्या भिंतीत, काँक्रीटच्या आत, किती जाडीचे लोखंडी गज, किती अंतरावर, याचं गणित साहेब करायचे आणि त्याची ड्रॉइंगं नाना काढायचे. मी पारनेरची, औटींची मुलगी. सिव्हिलचा डिप्लोमा करून तिथे लागले तेव्हा नव्वदचं दशक निम्मं उलटून गेलं होतं.

पहिल्या दिवशी जिना चढून आले तर पन्नाशी उलटलेला एक उंच माणूस डावा हात खांद्याएवढा बाजूला लांब करून, तळवा बाहेर धरून, खोलीभर हळूहळू चालत होता. टेबलाशी वळला, कपाटाशी वळला, माझ्यापाशी आला आणि थांबला.

"जरा सरा ताई," तो म्हणाला. "तुमी भिंतीत उभ्या हाय."

मी सरले. काय करणार, नोकरीचा पहिला दिवस. माणूस पुढे गेला, पुन्हा वळला, जिथून निघाला होता तिथे पोचला आणि मग ड्रॉइंगच्या बोर्डावर जाऊन मुकाट्याने पेन्सिल चालवायला लागला. नंतर कळलं की ते जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीच्या चारी भिंती चालून आले होते. ज्या भिंतीमागे माती असते ती भिंत नाना आधी चालायचे आणि मग काढायचे. चालायची रीत ठरलेली. माती कायम डाव्या हाताला. एकदा घाईत कुणी त्यांना उलट बाजूने चालायला सांगितलं तर म्हणाले, मला उलटं चालता येतं, भिंतीला येत न्हाई.

यामागे एक कारण होतं आणि ते कारण नाना प्रत्येक नव्या माणसाला अंगावर समजावून द्यायचे. माणसाला सरळ उभं करायचे, पाय हलवायचे नाहीत म्हणून बजावायचे, आणि मागून ढकलायचे. तो पुढे कलला की विचारायचे, ताण कुठं आला? पोटरीत, असं तो म्हणायचा. मग गज कुठं घालायचे? पोटरीत. झाला अभ्यास. मातीला टेकलेली भिंत म्हणजे मागून ढकललेला माणूस. तिला पाठ असते आणि पोट असतं. पाठ मातीकडे, पोट मोकळ्या बाजूला. जाड गज पाठीकडे, पोटाकडे नुसते नावाला बारीक. हे उलटं झालं की भिंत पोटावर आडवी. एवढंच शास्त्र, पण त्यापायी नानांनी काय काय माणसं ढकलली होती. तळघर बांधायला निघालेले एक दातांचे डॉक्टर, साहेबांचे सासरे, आणि नुसता पत्ता विचारायला वर आलेला एक विमा एजंट. मी बाईमाणूस म्हणून मला ढकललं नाही. मलाच म्हणाले, मला ढकला. मी बेताने ढकललं. "अशानं माती ढकलती व्हय?" म्हणाले. मग मी चिडून असं ढकललं की सुपारीचा डबा खोलीभर झाला.

नाना देवळाली प्रवऱ्याचे. वडिलांनी पाटाच्या कामावर जन्मभर दगड वाहिले. पोराने आयटीआयला ड्राफ्ट्समनचा कोर्स केला तेव्हा वडिलांनी विचारलं होतं, भिंत नुसती कागदावर काढायचा पगार देतात? नानांनाही याचं नवल तीस वर्षांत ओसरलेलं नव्हतं. त्यामुळे ते कागदावरच्या भिंतीशीसुद्धा खऱ्या भिंतीसारखे वागायचे. चुकीची रेघ अर्ध्या ब्लेडने खरवडताना "सोस जरा" म्हणायचे. कुणाच्याही घरी गेले की चपला काढून आधी भिंतीला तळवा लावायचे, मग घरातल्यांना नमस्कार. बाबासाहेबांचा छोटा फोटो त्यांच्या टेबलावर उभा असायचा. टांगलेला का नव्हता, तर खिळा कुणाला मारणार.

थोरल्या मुलीचं ठरवायला राहुरीकडे गेले होते, तिथला किस्सा ते स्वतःच सांगायचे, आणि हसू येऊ न देता सांगायचे. चहा आला, पोहे आले, नाना गायब. मुलाचे वडील शोधायला निघाले तर होणारे व्याही शेताच्या बांधाशी डावा हात लांब करून चालताहेत. परत येऊन नाना म्हणाले, मुलगा चांगला आहे, पण तुमची कंपाउंडची भिंत उलटी आहे, दोन पावसाळ्यांत बसेल. मुलाच्या वडिलांनी स्वतः उभं राहून बांधून घेतलेली भिंत ती. त्यांनी पोह्यांची ताटली खाली ठेवली. लग्न मोडायचंच, पण मुलीला मुलगा आवडला होता म्हणून निभावलं. पुढे नाना दर दिवाळीला जावयाकडे जायचे. फराळ हे निमित्त. भिंत पडली का ते बघायचं असायचं. परत आले की आम्ही विचारायचो, पडली का हो?

"न्हाई अजून," नाना खाली मान घालून सांगायचे. आम्ही दोन दिवाळ्या हसलो त्यावर.

अशा माणसाच्या ऑफिसात कॉम्प्युटर आला. मधली खोली रिकामी करून तिथे एसी बसवला, बाहेर चपला काढायची पाटी लागली, कॉम्प्युटरला लाल मखमली झूल आली. त्याबरोबर एक परदेशी सॉफ्टवेअर होतं, तेरा फ्लॉप्यांवर. साहेब सांगायचे की यात रेघा काढायच्याच नाहीत. नुसतं सांगायचं की इथून इथपर्यंत भिंत, एवढी उंच, एवढी जाड. भिंत आपोआप उभी राहते, गज आपोआप बसतात, गजांची यादीसुद्धा आपोआप निघते. मी पुण्याला सहा महिने कॉम्प्युटरचा क्लास केला होता, म्हणून झूल काढायचा मान माझा. साहेब गरम पाण्याचा घोट घेत शांतपणे म्हणाले, दिवाळीनंतर बोर्ड काढून टाकू. ज्याला यावर भिंत उभी करता येईल तो राहील, बाकीच्यांना फ्री करू.

बाकीचे म्हणजे नाना. दुसरा ड्राफ्ट्समन ऑफिसात नव्हताच. ते चोपन्न वर्षांचे होते, आणि भिंतीखेरीज त्यांना जगात दुसरं काही येत नव्हतं, स्वयंपाकसुद्धा नाही.

मग आमची शिकवणी सुरू झाली. नाना खुर्चीत बसायचे, माऊस पळून जाईल अशा बेताने मुठीत धरायचे आणि पडद्याकडे बघून पहिला प्रश्न विचारायचे, माती कुठाय? मी सांगायचे, माती नाही, काळा पडदा आहे. मातीबिगर भिंत कशाला पाहिजे म्हणायचे. मी भिंत उभी केली की ती काळ्या पोकळीत अधांतरी फिरायची आणि नानांना गरगरायला लागायचं. एकदा मी चुकून भिंत खांबातून आरपार नेली. सॉफ्टवेअरने हूं की चूं केलं नाही. नाना दचकले, खांबाला लागलं का असं विचारलं, आणि दिवसभर मनात धरून बसले. ही मशीन बोलत न्हाई ताई, एवढंच दोनदा म्हणाले.

खरी अडचण गजांपाशी आली. सॉफ्टवेअर विचारायचं, जाड गज डाव्या बाजूला की उजव्या? नाना म्हणाले, कुणाच्या डाव्या? मी म्हटलं, पडद्याच्या. तसं करून पाहिलं तर आडव्या भिंतीला जमलं नाही. साहेब म्हणाले, बघणाऱ्याच्या डाव्या. तेही जमेना. पुण्याच्या विक्रेत्याला फोन लावला, त्याने मॅन्युअल वाचायला सांगितलं. चारशे पानांचं मॅन्युअल साहेबांनी रविवारी घरी नेलं आणि सोमवारी तसंच परत आणलं. तीन दिवस साहेब आणि मी, दोन शिकलेली माणसं, डावं-उजवं यावरून भांडत होतो. चौथ्या दिवशी नाना उठले. मला म्हणाले, तुमी पहिलं बोट कुठं दाबलं? मी दाखवलं. दुसरं? दाखवलं. नाना खोलीत त्या दिशेने, पहिल्या टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे, डावा हात लांब करून चालले आणि म्हणाले, आता बघा, गज ह्या हाताला असतील. बघितलं. होते. चार भिंती चार दिशांनी करून पाहिल्या, चारी वेळा नानांच्या डाव्या हाताला.

"तीबी चालूनच बघती," नाना हळूच म्हणाले, आणि पहिल्यांदा त्यांनी मॉनिटरला तळवा लावला.

साहेबांनी गरम पाण्याचा पेला तसाच धरून ठेवला होता. तीस वर्षं हा माणूस ज्या रीतीने चालत होता, त्याच रीतीने परदेशातल्या कुणीतरी ते सॉफ्टवेअर लिहिलं होतं, आणि आम्ही आपले हसत बसलो होतो.

आता नानांना परीक्षा द्यायची होती. काम आलं होतं भंडारदऱ्याच्या बाजूचं. डोंगराच्या उतारावर एक निवासी शाळा, तिच्या मागे कापलेला डोंगर, आणि तो खाली येऊ नये म्हणून काँक्रीटची उंच भिंत. डोंगर वळतो तशी भिंत दोनदा वळत होती, म्हणजे तिचे तीन भाग. सॉफ्टवेअर प्रत्येक भागाला नाव मागायचं, फार तर आठ अक्षरांचं. आपण काही दिलं नाही तर ते स्वतःच डब्ल्यू वन, डब्ल्यू टू असं द्यायचं. नाना म्हणाले, गुरांनासुद्धा नावं असत्यात. आणि पहिल्या, सगळ्यात उंच भागाला त्यांनी नाव दिलं आत्या. मधल्या भागाला मावशी. शेवटचा ओढ्याकडचा भाग जरा तिरका जात होता, त्याला काकू. आमची काकू तिरसट हुती, म्हणाले. मी म्हटलं, नाना, हे छापून जाईल. जाऊ द्या की, म्हणाले, तिचं नाव कुठं छापून आलंय कधी.

आणि छापून गेलं. शाळेच्या संस्थेच्या इंजिनिअरचं टाइप केलेलं पत्र आलं की काकूची उंची कळवावी आणि मावशीच्या पायाबद्दल खुलासा करावा. साहेबांनी पत्र दोनदा वाचलं आणि पुढच्या वेळेपासून नंबर टाका म्हणून सांगितलं. पण साइटवर ती नावं लगेच रुळली. मेंगाळ म्हणून तिथला मुकादम होता, गज बांधायचं कामही तोच बघायचा. त्याचे निरोप यायचे, आत्याचं लोखंड आलं, मावशीचं कमी पडतंय. डब्ल्यू टू आणि डब्ल्यू थ्रीमध्ये घोटाळा होतो, मावशी आणि काकूत कोण घोटाळा करील? दिवाळी झाली. बोर्ड काढायचा विषय निघाला तेव्हा साहेब नानांच्या ड्रॉइंगांकडे बघून "बघू" म्हणाले. साहेबांच्या भाषेत ते होय होतं. नानांनी त्या दिवशी सगळ्यांना पेढे दिले, आणि एक पेढा कॉम्प्युटरपुढे ठेवला.

सहा डिसेंबरला नाना दादरला जायचे, दर वर्षी, तीन दिवस रजा टाकून. त्या वर्षीही गेले. आणि त्याच दिवशी साइटवरून फोन आला की ओढ्याकडे मोठा खडक लागलाय, काकू चार फूट वाढवा. साहेब म्हणाले, औटी मॅडम, आजच प्रिंट पाठवा. मी काकू वाढवत बसले नाही. पुसून टाकली आणि नवी काढली. माझा कर्सर ओढ्याच्या टोकाला होता, म्हणून तिथूनच सुरुवात केली आणि मावशीपर्यंत आणून जोडली. जाड गज डावीकडे, हे आधीपासून भरलेलंच होतं. सॉफ्टवेअरने सगळं तपासून चूक नाही म्हणून सांगितलं. ड्रॉइंग सुरेख आलं. साहेबांनी शिक्का मारला, संध्याकाळच्या एसटीने प्रिंट गेली. मी खुशीत घरी गेले, हेही सांगून टाकते.

नाना परत आले ते पुस्तकांचं गाठोडं घेऊन. डबा झाल्यावर ऑफिसची प्रत उघडली आणि सवयीने चालायला लागले. आत्या चालले. मावशी चालले. काकूपाशी हात लांब केलेला तसाच ठेवून उभे राहिले. मग त्यांनी तो हात खाली घेतला.

"ताई, काकू कुणी काढली?"

"मी."

"कुठून?"

"ओढ्याकडून."

नाना स्टुलावर बसले. सुपारी हातात तशीच होती. मला कळायला एक क्षण लागला. ओढ्याकडून निघालं की माती उजव्या हाताला येते. काकूचे जाड गज पोटाकडे गेले होते आणि पाठ रिकामी होती. साहेब दोन दिवस मुंबईला. शाळेचा फोन नेहमीप्रमाणे मेलेला. काँक्रीट उद्याचं, मिक्सर जवळच्या अकोल्याहून दुपारी पोचणार होता. सकाळच्या पहिल्या गाडीने आम्ही दोघं निघालो. पाच तासांच्या प्रवासात नाना एकच वाक्य बोलले. काकूच्या खाली पोरांची जेवायची खोली हाय, असं ते खिडकीकडे तोंड करून म्हणाले. माझी चूक आहे असं एका शब्दाने म्हणाले नाहीत, आणि ते मला जास्त लागलं. दोन शब्द बोलले असते तर मी भांडून तरी मोकळी झाले असते.

पोचलो तर मिक्सर आलेला, घमेली घेतलेल्या बायका रांगेत, मेंगाळ मुकादम शिट्टी तोंडात घालून तयार. तीनही भागांचे गज पिंजऱ्यासारखे उभे होते, काँक्रीट धरून ठेवायच्या पुढच्या फळ्या तेवढ्या मारायच्या राहिल्या होत्या. नानांनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं की काकू उलटी बांधली गेलीय. मेंगाळने शिट्टी काढली.

"मला दिसलं व्हतं की," तो म्हणाला. "पर म्हणलं, आत्या-मावशी सरळ हायती, काकू हाय ती. आसंल तिचं उलटं. आमच्या घरीबी तसंच हाय."

स्वतःचाच विनोद अंगावर आलेला माणूस मी त्या दिवशी पाहिला. डब्ल्यू थ्री लिहिलं असतं तर मेंगाळने दुसऱ्या मिनिटाला निरोप धाडला असता. नाव दिलं म्हणून त्याने भिंतीचा स्वभाव समजून घेतला होता. पण आता काम थांबवा म्हटलं तर तो थांबवेना. त्याचंही खरं होतं. प्रिंटवर साहेबांचा शिक्का, मिक्सर आलेला, ठेकेदार अकोल्याला, आणि समोर कोण, तर एक ड्राफ्ट्समन आणि एक घाबरलेली मुलगी. साहेबांची चिठ्ठी दाखवा म्हणाला. चिठ्ठी कुठली आणणार.

नाना तिथून निघाले. आत्याच्या टोकाला गेले, डावा हात लांब केला, बोटं गजांवर ठेवली आणि शाळेच्या बाजूने चालायला लागले. मेंगाळला म्हणाले, या. तो हसत त्यांच्या मागे लागला. त्याचे गज बांधणारे चार फिटर लागले. बायकांना वाटलं हा काहीतरी पूजेचा प्रकार आहे, काँक्रीट ओतायच्या आधी नारळ फोडतात तसा. त्या घमेली डोक्यावरच ठेवून, एक हात लांब करून रांगेत आल्या. जेवायच्या सुट्टीतली पोरं आली. मिक्सरचा ड्रायव्हर आला. नगर जिल्ह्याच्या त्या टोकाला, डोंगराच्या पोटात, चाळीस-पन्नास माणसं एकामागे एक, डावा हात बाजूला काढून, गंभीर चेहऱ्याने चालत होती. सगळ्यात शेवटी मी. मला हसू येत होतं आणि रडूही, आणि दोन्हींची ती जागा नव्हे.

आत्याचे पोटाकडचे गज बारीक आणि विरळ. बोटं आरामात आत जात होती. मावशीचेही तसेच. काकू लागली आणि पुढे चाललेल्या नानांची बोटं अडली. मेंगाळची अडली. जाड गज, एकाला एक लागून. मागच्या प्रत्येकाचा हात त्याच जागी ठेचला आणि रांग तिथे गोळा झाली. मग मेंगाळने मातीच्या बाजूने हात घालून पाहिला. पाठीकडे त्याचा अख्खा पंजा आत गेला.

तेव्हा नानांनी त्याला पाय रोवून उभं केलं आणि मागून ढकललं. ताण कुठं आला, असं विचारलं. तो पोटरीला हात लावून काकूकडे आणि मग खालच्या पत्र्याच्या खोलीकडे बघत राहिला. रांगेतल्या एका बाईनेही तिकडे पाहिलं. तिने डोक्यावरचं घमेलं उतरवून जमिनीवर पालथं घातलं.

"माझी पोरगी जेवती तितं," ती म्हणाली. "मी न्हाई वतायची."

तिच्या शेजारणीने घमेलं ठेवलं. मग बाकीच्यांनी. साहेबांच्या शिक्क्यापुढे जे चाललं नसतं ते पालथ्या घमेल्यांपुढे चाललं. मेंगाळने मिक्सर परत पाठवला आणि काकू सोडायला घेतली. चार दिवस लागले तिला सरळ बांधायला.

साहेब मुंबईहून परत आले तेव्हा ठेकेदाराचा फोन त्यांच्या आधी येऊन गेलेला होता. साहेबांनी आम्हा दोघांना आत बोलावलं. मी तोंड उघडायच्या आत नाना म्हणाले, चूक माझी हाय साहेब. नावं मी ठेवली. मुकादमाला दिसलं हुतं, नावामुळं गप बसला. यातलं एक अक्षर खोटं नव्हतं, आणि माझं नाव त्यात कुठे नव्हतं. मी दाराशेजारी उभी होते. बोलले नाही. काय कारण सांगू? भीती वाटली, दुसरं काही नाही. साहेब गरम पाणी प्यायले आणि "बघू" म्हणाले. या वेळचं बघू वेगळं होतं, ते तिघांनाही कळलं.

महिनाअखेरीला नाना फ्री झाले. बोर्ड त्यांनी मागून घेतला आणि एसटीच्या टपावर टाकून देवळालीला नेला. जाताना ऑफिसच्या चारी भिंतींना एकेकदा तळवा लावला. मला म्हणाले, ताई, कर्सर बघत जा. एवढंच.

चौथ्या दिवशी मी साहेबांच्या खोलीत गेले आणि सगळं सांगितलं. काकू मी पुसली, मी उलट्या टोकाने काढली. साहेबांना नवल वाटलं नाही.

"फाईलवर तारीख असते, औटी मॅडम," ते म्हणाले. "त्या तारखेला नाना दादरला होता, हे मला माहीत आहे. पण कॉम्प्युटर तुम्हाला येतो."

मग त्यांनी मला एका बंगल्याच्या टाकीचे कागद दिले. मी ते घेतले आणि मधल्या खोलीत जाऊन झूल काढली. स्वतःची एवढी चीड मला आधी कधी आली नव्हती, नंतरही नाही.

पुढचा पावसाळा सरल्यावर साहेबांनी मला शाळेवर पाठवलं, भिंतीला कुठे भेगा गेल्यात का बघायला. जीपने मला ओढ्यापाशी सोडलं. वर चढून आले आणि समोर बघते तर नाना. अंगात तोच पांढरा शर्ट, हाताला कापडी पिशवी. मेंगाळ तिथेच शाळेच्या कामावर होता, त्याने सांगितलं की हे बाबा दर महिन्याला येतात, भिंत चालतात, पोरांबरोबर जेवतात आणि जातात. नानांच्या मागे वीस-पंचवीस पोरं होती, सगळ्यांचा डावा हात भिंतीला. भिंतीवर एक भेग नव्हती. मला बघून नाना थांबले, पोरं थांबली. मला खूप बोलायचं होतं, गाडीत सगळं जुळवून ठेवलं होतं. मी त्यांच्याकडे चालत निघाले आणि चालता चालता काकूला हात लावला. उजवा लागला. त्या बाजूने आल्यावर तोच लागणार.

नानांनी माझ्या हाताकडे पाहिलं.

"कुठून आलात?"

"ओढ्याकडून."

"परत जा," ते म्हणाले. "आत्यापासून या."

मी भेगा तपासायला आलेली इंजिनिअर बाई, हातात साहेबांची फाईल. पोरं तोंडावर हात ठेवून हसत होती. मी त्या सगळ्यांच्या समोरून काकू, मावशी, आत्या ओलांडून थेट त्या टोकाला गेले, वळले, फाईल काखेत मारली आणि डावा हात लांब केला. आत्या उन्हाने तापली होती. मावशीला शेवाळ धरलं होतं. काकूपाशी येईपर्यंत मी मान वर केली नाही. केली तेव्हा नाना तिथेच होते. पिशवी खाली ठेवलेली, डोळे मिटलेले, आणि पाठ काकूला टेकलेली.